हाडं न ठेवणारी माती

जूनचा पहिला आठवडा आहे आणि तुम्ही गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मोपाच्या सड्यावर उभे आहात. 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन झालेला विमानतळ पाठीमागे आहे. समोर उघडा, काळपट जांभा पसरलाय, मे महिनाभर भाजून निघालेला. रात्री पहिला मोठा पाऊस येऊन गेलाय. गुडघ्यावर बसा. कातळाच्या भोकांत पाणी साठलंय आणि त्यातून थांबून थांबून एकेक बुडबुडा वर येतोय. पाणी आत उतरतंय, तेवढी हवा बाहेर पडतेय. हेच पाणी दिवाळीनंतर सड्याच्या पायथ्याशी एखाद्या झरीतून बाहेर येईल आणि कुणाच्या तरी कुळागराला मिळेल.

दगडात अडकलेला जुना काळ बघायला तुम्ही निघाला आहात, तर आधी एक निराशा पचवून घ्या. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात इवले इवले बेडूक सापडले. गुजरातेत बालासिनोरजवळ डायनोसॉरची अंडी सापडली. पेडण्यात आणि डिचोलीत असं काही तुमच्या हाती लागणार नाही. इथे दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. कुजलेल्या पाचोळ्यातून झिरपताना ते आंबट होतं, आणि आंबट पाण्यापुढे हाड टिकत नाही, शिंपलाही टिकत नाही. वरळीच्या बेडकांवर वेळीच लाव्हाचं झाकण बसलं. इथे झाकण नव्हतं, नुसता पाऊस होता.

म्हणून इथला भूतकाळ वाचायचा तर हाडं शोधायची सवय सोडावी लागते. पावसाने जे विरघळवलं ते गेलं. पण विरघळवताना त्याने मागे काय ठेवलं, नदीने काय वाहून नेलं आणि समुद्राने ते कुठे सांभाळलं, हे सगळं शिल्लक आहे.

पहिलं पाऊल लहान टाका. तीसेक वर्षं मागे, याच तालुक्याच्या पोटात. कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा खणला जातोय, लांबी सुमारे दीड किलोमीटर. काळ्या कातळाला सुरुंग लावून पुढे सरकणारी माणसं इथे अडून बसली आहेत, कारण पुढे कातळच नाही. दिव्याच्या उजेडात भिंत बघा. पांढरी, पिवळी, मधेच जांभळट लाल अशी ओली चिकणमाती, सैल भिजवलेल्या कणकेसारखी. आत्ता काढलेली जागा तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरून येते. कोकण रेल्वेच्या अशा मऊ मातीच्या बोगद्यांत मजुरांचे जीव गेले. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला, त्याआधीचा शेवटचा अडसर हाच होता. तरी माती शांत झाली नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये या बोगद्याची भिंत कोसळली आणि 2024 च्या जुलैत तळातून चिखलपाणी वर आलं, गाड्या वळवाव्या लागल्या.

ही माती म्हणजे वर सड्यावर पाहिलेल्या जांभ्याची दुसरी बाजू आहे. लाखो पावसाळे एका खडकावरून उतरले की खडकातला चुना जातो, मॅग्नेशियम जातं, हळूहळू सिलिकासुद्धा जाते. लोखंड आणि अॅल्युमिनियम हलायला तयार नसतात, ते वर साचून घट्ट होतात. तो जांभा. खालचा खडक रंग आणि ताकद गमावून चिकणमाती होतो. चिरे काढणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. वरचा टणक थर, मग चिऱ्याचा, मग खाली मऊ माती लागली की खाण थांबवायची. फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने 1807 मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमचा असाच चिरा बघून विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. चिरे काढणारे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून घरं बांधत होते.

आता बोगद्यातून बाहेर पडा आणि पश्चिमेला, केरीच्या किनाऱ्याकडे चला. वाटेत आगरवाड्याची मिठागरं, शापोरा नदीकाठची खाजनं दिसतील. खाजन म्हणजे खाडीकडून उसनी घेतलेली शेतं. मातीचा बांध, त्यात लाकडी दारांचा मानस, भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात. इथे फार थांबू नका, पण बांधावर उभं राहून एक बघून ठेवा. भरतीच्या वेळी बांधाबाहेरचं पाणी आतल्या शेतापेक्षा उंच असतं.

केरीला पोचलात. उजवीकडे तेरेखोलची खाडी, पलीकडे किल्ला, समोर समुद्र. आता मोठं पाऊल. साडेचौदा हजार वर्षं मागे.

समुद्र नाही.

तेरेखोल नदी आहे, पण ती खाडी होऊन संपत नाही. खोल दरीतून वाहत ती पश्चिमेला जाते, आणि तुम्ही तिच्या काठाने चालू लागता. आजच्या मच्छीमारांच्या जाळ्याखाली जो तळ आहे, त्यावरून तुमची पावलं पडतायत. सकाळ जाते, दुपार जाते, किनारा येत नाही. पाणी आजच्यापेक्षा सुमारे 100 मीटर खाली आहे, कारण जगाचं पुष्कळसं पाणी ध्रुवांकडे आणि उत्तरेकडच्या खंडांवर बर्फ होऊन बसलंय. हवा कोरडी आहे. पावसाळा येतो, पण त्यात तो जोर नाही.

हे कुणी पाहिलं? कुणी नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे गाळातून वाचलं. ही संस्था 1966 मध्ये स्थापन झाली. तिथल्या आर. आर. नायर, एन. एच. हाशिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यापुढच्या समुद्रतळाचे नमुने वर काढले. किनाऱ्याजवळ चिखल, हे अपेक्षितच होतं. पण दूर, खोल पाण्यात त्यांना माशाच्या अंड्यांसारखे चुन्याचे गोल दाणे मिळाले. असे दाणे उथळ, उबदार, ढवळत्या पाण्यात तयार होतात. आणि तेही जिथे नद्या फारसा गाळ आणि गोडं पाणी टाकत नाहीत अशा ठिकाणीच. रेडिओकार्बनने वय निघालं साधारण 9 ते 11 हजार वर्षं. म्हणजे एका दाण्यात दोन गोष्टी एकदम सापडल्या. तिथे तेव्हा उथळ किनारा होता, आणि नद्या आजच्यासारख्या भरून वाहत नव्हत्या. जमिनीवरचे शिंपले पावसाने खाल्ले, पण पाऊस कमी असल्याची साक्ष समुद्राने चुन्यातच जपून ठेवली. मला हा सगळ्या प्रवासातला फार सुंदर पुरावा वाटतो.

तिथेच थांबा आणि काळ पुढे सरकू द्या. साडेबारा हजार वर्षांपूर्वी पाणी 80 मीटरच्या रेषेपर्यंत येतं आणि बराच काळ तिथेच रेंगाळतं. मग सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी ते पुन्हा निघतं, आणि यावेळी थांबत नाही. दर हजार वर्षांना सुमारे 20 मीटर. वर्षाला दोन सेंटिमीटर. तुमच्या एका आयुष्यात, साठ वर्षं धरली तरी, माणसाच्या छातीइतकं पाणी. आणि सपाट जमिनीवर पाणी छातीइतकं चढतं तेव्हा किनारा कितीतरी आत सरकतो. तुम्ही चुलीच्या जागा सोडून मागे येता, पुढची पिढी आणखी मागे येते. आज जगभर समुद्र सरासरी वर्षाला 4 मिलिमीटरच्या आसपास चढतोय. त्या वेगाच्या पाचव्या हिश्शाने. पण तेव्हा मागे सरकणाऱ्यांच्या पाठीशी मोकळी जमीन होती. खाजनाच्या बांधामागे आज वाडा आहे, देऊळ आहे, रस्ता आहे.

सुमारे 7 हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्या पातळीजवळ येऊन स्थिरावतं. तेरेखोल, शापोरा, मांडवी यांच्या खोल दऱ्यांत समुद्र शिरलाय. आपण ज्यांना खाड्या म्हणतो त्या बुडालेल्या दऱ्या आहेत. कांदळ आणि चिपीची झाडं काठ धरतात, गाळ अडवतात, आणि कधीतरी कुणी माणूस त्या गाळाकडे बघून म्हणतो, इथे भात होईल.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि मला ती प्रिय आहे. तळाचा गाळ उलटी गोष्ट सांगतो. माणसांच्या देखत समुद्र आत आला. त्या माणसांनीही काही गोष्ट सांगितली असणारच. दक्षिण गोव्यात कुशावती नदीच्या काठी, पणसायमळच्या जांभ्यावर कुणीतरी बैल, हरणं, मोर आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळं कोरून ठेवली आहेत. रत्नागिरीच्या सड्यांवर तर गेंड्याचं चित्र आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. हाड सापडलं नाही तरी कातळावर रेघ राहिली.

आता जमिनीत शिरायचं. पाऊल एक-दोन कोटी वर्षांचं. पेडण्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गात, जांभ्याच्या खाली काही ठिकाणी काळी, कोळशाचा अंश असलेली माती लागते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञांनी काळविवाडी इथल्या मातीतून परागकण वेगळे केले. परागकणाचं कवच आंबट पाण्यालाही दाद देत नाही, म्हणून इथे तेच टिकलं. त्या कणांवरून दिसतं ते असं: तुम्ही कंबरभर मचूळ पाण्यात उभे आहात, भोवती खारफुटी, मागे दाट, ओलं, उष्ण जंगल. पाऊस धो धो. आजचं कोकण, पण आणखी गच्च.

त्याच्याही मागे, 4 कोटी 70 लाख वर्षांपर्यंत. इथे घड्याळ वेगळं आहे. जांभा तयार होताना त्यात मँगनीजचे काळे थर धरतात, त्यात थोडं पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियमचा एक प्रकार अगदी सावकाश, ठरल्या गतीने आर्गॉन वायूत बदलतो. तो वायू दगडातच कोंडलेला राहतो. गोव्याच्या सखल भागातल्या मँगनीजमधला आर्गॉन मोजून संशोधकांनी जांभ्याची सुरुवात एवढी मागे नेली. म्हणजे तुम्ही त्या काळात उभे राहून पूर्वेकडे बघितलंत तर सह्याद्रीची भिंत तिथे आहे, सखल पट्टी इथे आहे, आणि पाऊस पडतोय. नकाशा ओळखीचा वाटतो. माणूस नाही, आंबा-फणस नाही, पण सड्यावर पाण्याचे बुडबुडे येतायत.

6 कोटी 60 लाखांवर फक्त क्षणभर थांबा, कारण श्वास घेणं कठीण आहे. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. उत्तरेकडचं सगळं आभाळ लाव्हाच्या धुराने लालसर झालंय. तो दगड आज गोव्यात फक्त ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या घाटमाथ्याकडे मिळतो. दख्खनचा काळा दगड तिथे संपतो आणि गोव्याचा आपला, फार फार जुना खडक सुरू होतो.

त्या खडकाकडेच तुम्ही निघालात. तुमच्या पायाखाली आता डिचोली आहे. गाव नाही, नदी नाही. भूवैज्ञानिकांनी इथल्या खडकांच्या एका सबंध गटाला डिचोलीचंच नाव दिलंय, आणि तो गट अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे. शेवटचं पाऊल टाकण्याआधी छाती भरून हवा घ्या. तिकडे प्राणवायू नाही.

पाणी. क्षितिजापर्यंत पाणी, आणि ते निळं नाही. त्यात लोखंड विरघळलेलं आहे, म्हणून बहुधा हिरवट. सूर्य आजच्यापेक्षा फिका आहे आणि लवकर मावळतो, कारण पृथ्वी जोरात फिरतेय. चंद्र जवळ आहे. दूरवर कुठे जमीन दिसली तर ती उघडी, राखाडी. एकही पान नाही. कानाला लाटेशिवाय आवाज नाही.

लोखंड पाण्यात विरघळलेलं राहू शकतं ते याच कारणाने, की त्याला गंजवायला प्राणवायू नाही. पण उथळ पाण्यात काहीतरी जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, सूर्यप्रकाशावर जगणारे. कर्नाटकात चित्रदुर्गच्या पट्ट्यात त्यांच्या थरांचे दगड झालेले मिळतात. त्यातल्या काहींनी प्राणवायू सोडायला सुरुवात केली आहे. तो हवेत पोचतच नाही. पाण्यातलं लोखंड त्याला आधीच गाठतं, गंजतं, जड होतं आणि तळाला बसतं. लाल कणांचा एक पातळ थर. मग काही काळ लोखंड कमी, सिलिका जास्त. पांढरट थर. पुन्हा लाल. असं लाखो वर्षं.

वर या, आजच्या डिचोलीत, आणि लोखंडाच्या खाणीच्या कडेवरून एक तुकडा उचला. हात खाली जाईल, कारण तो दिसतो त्यापेक्षा जड आहे. ओल्या बोटाने पुसा. काळसर पोलादी रेघ, तिच्याखाली विटकरी, मग गारगोटीची फिकट, मग पुन्हा पोलादी. काही रेघा नखाएवढ्या, काही केसाएवढ्या. कुठे त्या सरळ आहेत, कुठे दुमडल्यात, कारण नंतर डोंगर घडताना सगळं दाबलं गेलं. तळहातावर चरचरीत लाल डाग राहतो. हा डाग म्हणजे पृथ्वीवरच्या पहिल्यावहिल्या प्राणवायूतला काही अंश आहे, लोखंडाने धरून ठेवलेला. समुद्रातलं लोखंड असं निपटत गेलं, आणि मग कुठे हवेत प्राणवायू साठू लागला. आत्ता तुम्ही सुटकेचा जो श्वास सोडलात, त्याची तयारी या तुकड्यात चालली होती.

मूळ खडकात लोखंड तीसेक टक्केच होतं. पुढची कामगिरी पुन्हा पावसाची. सड्यावर जे चालतं तेच इथे खोलवर चाललं. सिलिका धुऊन गेली, लोखंड राहिलं, आणि टक्केवारी साठीच्या जवळ पोचली. एका काळात समुद्र बदलला म्हणून लोखंड बसलं, दुसऱ्या काळात पाऊस मुरत राहिला म्हणून ते खनिज झालं. डिचोलीच्या खाणीत हे दोन्ही काळ एकाच ढिगात होते.

तो ढीग उपसायला मात्र एक शतकही लागलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात वाढली, आधी जपानकडे, नंतर चीनकडे. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघे. खड्डे भूजलाच्या खाली गेले, पाणी उपसावं लागलं, भोवतालच्या गावांत विहिरी आटल्या. शेतांत लाल गाळ आला. 2012 मध्ये खाणी थांबल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. ज्यांची घरं ट्रकवर आणि बार्जवर चालत होती त्यांना हे सोपं गेलं नाही, आणि ज्यांची भातशेती गाळाखाली गेली त्यांनाही आधीची वर्षं सोपी नव्हती. दोघं एकाच गावात राहतात.

तुमचा प्रवास सारमानसला संपतोय, मांडवीच्या काठी, जिथून खनिजाने भरलेले बार्ज मुरगाव बंदराकडे निघत. ओहोटी आहे. काठावरचा मूठभर चिखल बाटलीत भरून घ्या, तो आता दोनापावलाला, त्याच समुद्रविज्ञान संस्थेत न्यायचा.

तिथे तो अगदी बारीक चाळणीवर पाण्याच्या धारेखाली धुतात. सगळा चिखल निघून जातो, चिमूटभर वाळू उरते. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. सुरुवातीला फक्त काचेसारखे कण दिसतील. मग डोळा सरावतो, आणि एक कण कण राहत नाही. तो शंखासारखा आतून बाहेर वळत गेलेला आहे, एकेक खोली मागच्या खोलीहून थोडी मोठी. ही फोरॅमिनिफेरा, एका पेशीचा जीव, चुन्याचं घर बांधणारा. ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्याला उचलता येतं. चिखल आणल्याबरोबर रोझ बेंगॉल हा रंग टाकला असेल तर काठावर जिवंत असलेले जीव गुलाबी दिसतात आणि नुसती रिकामी घरं पांढरी.

या संस्थेतल्या राजीव निगम यांनी आयुष्यभर ही घरं वाचली. कारवारजवळ काळी नदीच्या मुखापुढच्या गाळात एका जातीच्या अगदी पहिल्या, मधल्या खोलीचा आकार त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थरागणिक मोजला. पाणी किती खारं आहे यावर तो आकार बदलतो, आणि पाणी किती खारं हे नदीला किती पूर आला यावर. त्यातून त्यांना सुमारे 77 वर्षांनी फिरून येणारं अवर्षणाचं चक्र दिसलं. आणि मग हेच जीव त्यांनी मांडवीत मोजले, प्रश्न असा की खाणींचा लाल गाळ यांना जाणवतो का. जाणवत होता. पाण्यात गाळ वाढला तशी यांची संख्या घटत गेली. पुढे झुवारीच्या मुखात, खाणींचा उपद्रव कमी झाला तेव्हा, त्याचीही खूण याच जीवांत सापडली.

म्हणजे अडीच अब्ज वर्षांपूर्वी बसलेलं लोखंड डिचोलीच्या डोंगरातून निघालं, नदीत उतरलं, आणि मांडवीच्या तळाशी पुन्हा एक लाल थर होऊन बसलं. यावेळी त्याच्यासोबत रिकाम्या घरांची कमी झालेली मोजदाद आहे.

चिमूटभर वाळूत तुम्हाला आतापर्यंत अकरा घरं सापडली आहेत. गुलाबी किती ते मोजायचंय. त्याआधी बाटलीवर चिठ्ठी लावा, पेन्सिलीने, कारण शाई ओलीत पसरते. सारमानस, ओहोटी. आणि खाली आजची तारीख.